पक्षी बघायला सुरुवात करायचीय? आधी घराजवळची एक जागा पकडा

पक्षी बघायचे असं मनात आलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो कॅमेऱ्याचा, कुठली लेन्स घेऊ आणि किती एमएमची घेऊ, आणि दुसरा प्रश्न असतो भिगवणला फ्लेमिंगो बघायला कधी जायचं. दोन्ही प्रश्न बरोबर आहेत पण त्यांची वेळ नंतर येते. माझं सांगणं असं आहे की पहिलं एक वर्ष घरापासून चालत किंवा सायकलवर जाता येईल अशी एकच जागा पकडा, तिथेच परत परत जा आणि जे दिसेल ते लिहून ठेवा.

हे मी मनाने सांगत नाहीये. सलीम अलींचं सुगरण पक्ष्यावरचं गाजलेलं काम कुठल्या दूरच्या जंगलात झालेलं नाही, ते अलिबागजवळच्या किहीमला झालं. हातात नोकरी नव्हती म्हणून ते किहीमला राहायला गेले, जवळच सुगरणींची वसाहत होती, आणि ते तिथे बसून रोज बघत राहिले. १९३१ साली त्यांनी ते छापलं. नर अर्धवट घरटं विणतो, माद्या येऊन ते तपासून बघतात, एखादीला पसंत पडलं की ती त्यात मुक्काम टाकते, मग नर ते घरटं पूर्ण करतो आणि लगेच दुसरीसाठी नवीन विणायला घेतो. सुगरण तर गावागावात होती, विहिरीवरच्या बाभळीला लटकलेले खोपे सगळ्यांनीच बघितले होते, पण एका जागी बसून सलग बघितल्यामुळे हा सगळा प्रकार नीट उलगडला. हे काम तुम्हालाही पावसाळ्यात करता येईल, त्याला परवानगी लागत नाही की तिकीट लागत नाही.

जागा कशी निवडायची

जिथे दोन प्रकारचा परिसर एकमेकाला भिडतो ती जागा बघा. म्हणजे तळ्याच्या कडेला झाडी, शेताच्या बांधाला ओढा, टेकडीच्या पायथ्याला माळ, असं काहीतरी. नुसत्या उघड्या मैदानात किंवा नुसत्या दाट झाडीत नवीन माणसाला त्रास होतो, एकात पक्षी लांब असतात आणि दुसऱ्यात दिसतच नाहीत. शहरात असाल तर जुनं कॉलेजचं आवार, विद्यापीठ, कृषी कॉलेजची शेती, नदीकाठ, जुन्या झाडांची कॉलनी, काहीही चालेल. पुण्यात वेताळ टेकडी किंवा पाषाण तलाव, नागपुरात अंबाझरी, कोल्हापुरात कळंबा, मुंबईत बोरिवलीचं नॅशनल पार्क. हे जवळ असेल तर उत्तमच, नसेल तर गावाबाहेरचा पाझर तलाव याच्याइतकाच चांगला आहे, उलट तिथे गर्दी नसते.

आणि त्या जागेतली झाडं ओळखायला शिका, हे मी फार आग्रहाने सांगतो कारण पक्ष्यांच्या मागे धावण्यापेक्षा झाडापाशी थांबणं कधीही सोपं. वड, पिंपळ, उंबर फळाला आला की तांबट, हळद्या, कोकीळ, बुलबुल, राखी धनेश आणि आपला राज्यपक्षी हरियाल हे सगळे त्या एका झाडावर येतात. हरियाल गंमतशीर आहे, पिवळे पाय आणि हिरवट पिवळं अंग, वीस-पंचवीसचा थवा समोरच्या पिंपळात बसलेला असतो आणि पानात असा मिसळून जातो की एखादा हलल्याशिवाय कळतच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस आणि पांगारा फुलला की भोरड्या, साळुंक्या, शिंजीर, कोतवाल यांची नुसती झुंबड उडते. असं एखादं फुललेलं झाड सापडलं तर सकाळी दोन तास तिथून हलू नका.

वेळ म्हणाल तर सूर्योदयापासून पुढचे दोन-तीन तास सगळ्यात चांगले, मग संध्याकाळचा दीड-दोन तास. पाणपक्षी मात्र दिवसभर दिसतात. सूर्य पाठीशी राहील असे उभे राहा, नाहीतर समोरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो आणि पाणथळीवर तर डोळे दिपून जातात. कपडे मातकट, हिरवट रंगाचे, पांढरा आणि भडक लाल टाळा. चालताना थोडं चाला, थांबा, पाच-दहा मिनिटं गप्प उभे राहा, मग पुढे. आपण आल्यावर गप्प झालेले पक्षी तेवढ्या वेळात परत आपापल्या कामाला लागतात.

पहिला महिना फक्त डोळे आणि वही

दुर्बीण नसली तरी सुरुवात अडत नाही. आजूबाजूचे वीसेक पक्षी आधी पक्के करा: चिमणी, साळुंकी, कावळा आणि डोमकावळा, पारवा, होला, दयाळ, लालबुड्या बुलबुल, शिपाई बुलबुल, तांबट, कोकीळ, भारद्वाज, खंड्या, वेडा राघू, कोतवाल, शिंपी, शिंजीर, सातभाई, टिटवी, वंचक, गायबगळा, घार, शिक्रा. हे पक्के म्हणजे इतके पक्के पाहिजेत की पाठमोरा दिसला, अर्धा दिसला, उडताना दिसला तरी ओळखता आला पाहिजे. हे का, तर पुढे नवीन पक्षी दिसला की त्याचं वर्णन तुम्ही यांच्याच मापात करणार आहात.

मापासाठी पाच पक्षी धरून ठेवा, चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार. दिसला की मनात पहिलं हेच यायला पाहिजे, साळुंकीपेक्षा लहान पण बुलबुलपेक्षा मोठा. रंगाकडे सगळ्यात शेवटी बघा. नवीन माणूस रंग बघतो आणि सांगतो की काहीतरी करडं तपकिरी होतं, आणि तेवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. त्याऐवजी चोच बघा, आखूड जाड म्हणजे दाणे फोडणारी, बारीक टोकदार म्हणजे किडे टिपणारी, लांब बाकदार म्हणजे मध पिणारी किंवा चिखलात खुपसणारी. शेपूट दुभंगलेली आहे का, उभी धरलीय का, सतत वरखाली हलवतोय का. मग वागणं. तारेवर बसून उडून किडा पकडून परत त्याच जागी येतो का, जमिनीवर चालतो की उड्या मारतो, खोडाला चिकटून वर सरकतो का, एकटा आहे की टोळीत. सातभाईंची टोळी तर दुरून नुसत्या कालव्यावरून कळते.

एवढं बघून झालं की तिथेच वहीत लिहा, पुस्तक किंवा मोबाईल उघडायच्या आधी लिहा. आधी चित्र बघितलं की मेंदू आपोआप चित्रातल्या गोष्टी पक्ष्याला चिकटवायला लागतो आणि मग भुवई पांढरी होती का नव्हती हे सांगता येत नाही. वेडंवाकडं चित्र काढलंत तर अजून उत्तम, एक लांबट गोळा, त्याला चोच आणि शेपूट, आणि बाणाने लिहा इथे पांढरी पट्टी, इथे पिवळं.

जे पक्षी हमखास गोंधळात टाकतात

काळा पक्षी दिसला की तो कोतवाल असेल असं नाही. कोतवालाची शेपूट लांब आणि टोकाशी दुभंगलेली, तो उघड्यावर तारेवर किंवा गुराच्या पाठीवर बसतो. नर कोकीळ पण काळाच पण अंगाने मोठा, डोळा लालभडक, चोच फिकट हिरवट, आणि तो पानात लपून बसतो. कुहूकुहू करतो तो हा नर, मादी तपकिरी आणि अंगभर पांढरे ठिपके असलेली, तिचा आवाज वेगळा, किक् किक् असा भरभर. हिवाळ्यात राखी कोतवाल येतो, तो काळ्यापेक्षा राखाडी जास्त आणि झाडीत राहणारा.

शिक्रा आणि पावशा ही जोडी तर अनुभवी माणसाला पण क्षणभर थांबवते. पावशा हा कोकिळेच्या कुळातला पण रंगाने आणि उडण्याने हुबेहूब शिक्र्यासारखा, छोटे पक्षीसुद्धा त्याला बघून शिक्रा समजून ओरडायला लागतात. चोच बघा. शिक्र्याची शिकारी पक्ष्यासारखी आकडेदार, पावशाची सरळसोट, आणि पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. पावसाच्या तोंडावर दिवसरात्र पेर्ते व्हा पेर्ते व्हा असा चढत जाणारा आवाज येतो तो याचाच.

बगळ्यांना घाबरू नका. पायाची बोटं पिवळी, पाय काळे, चोच काळी म्हणजे छोटा बगळा. चोच पिवळी, मान आखूड, गुरांच्या मागे फिरतोय म्हणजे गायबगळा, विणीच्या हंगामात त्याचं डोकं-मान केशरी होते. सगळ्यात उंच, मानेला मोठा बाक आणि जबड्याची रेघ डोळ्याच्याही मागे गेलेली म्हणजे मोठा बगळा. मधल्या आकाराचा मध्यम बगळा शेवटी शिका. वंचक बसलेला असताना मातकट, काठावर असूनही दिसत नाही, आणि उडाला की पांढरेशुभ्र पंख उघडतात, नवीन माणसाला वाटतं दुसराच पक्षी उडाला.

आकाशात घार दिसली की शेपूट बघा, टोकाशी खाच असेल तर आपली नेहमीची घार, गोलसर शेपूट आणि पांढरं डोकं, बाकी अंग विटकरी म्हणजे ब्राह्मणी घार, ही पाण्याच्या जवळ आणि कोकण किनाऱ्यावर जास्त. पावसाळा सरला की शिंजिराचा नर बघून पण लोक गडबडतात, जांभळा झगझगीत रंग गेलेला असतो आणि मादीसारख्या पिवळट अंगावर गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी पट्टी राहते. तो नवीन जातीचा पक्षी नाही, रंग बदललेला तोच नर आहे. वटवट्ये, चिखले, तुतवार, गरुडांची पिल्लं यांच्या नादाला पहिल्या वर्षी लागूच नका, वहीत वटवट्या नक्की कोणता माहीत नाही असं लिहिलं तरी ती चांगली नोंद आहे.

दुर्बीण

महिना-दोन महिने टिकलात की मग दुर्बीण घ्या. त्यावर ८ बाय ४२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं तर डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते, ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर, पहाटेच्या अंधुक उजेडात आणि दाट झाडीत हीच कामाला येते. १० बाय ४२ मध्ये पक्षी जास्त जवळ येतो पण हात हलला की चित्रही जास्त हलतं आणि दिसणारा परिसर आक्रसतो, त्यामुळे फांद्यांत पक्षी शोधायला वेळ लागतो. माझ्या मते नवशिक्याने ८ बाय ४० किंवा ८ बाय ४२ च घ्यावी. झूमवाली दुर्बीण घेऊ नका आणि जत्रेत, पर्यटन स्थळांवर लाल काचेची मिळते ती तर अजिबात नको. निकॉन, ऑलिम्पस यांच्या साध्या मॉडेलवर बरेच जण वर्षानुवर्षं काम चालवतात. घ्यायच्या आधी कुणाची तरी हातात घेऊन बघा, वजन मानेला झेपतं का आणि चष्मा असेल तर चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का. चष्मेवाल्यांनी डोळ्याजवळचे रबरी कप खाली दुमडून किंवा फिरवून आत घालायचे.

आणल्यावर ती स्वतःच्या डोळ्यांना जुळवून घ्यावी लागते आणि हे खूप जण करतच नाहीत. लांबची एखादी पाटी पकडा, उजवा डोळा मिटा, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला पाटी स्पष्ट करा. मग डावा डोळा मिटा आणि उजव्या नळीवर जी छोटी रिंग असते ती फिरवून उजव्याला स्पष्ट करा. ती रिंग कुठल्या खुणेवर आहे ते लक्षात ठेवा, त्यानंतर फक्त मधलं चाक वापरायचं.

पक्षी दुर्बिणीत सापडत नाही ही सगळ्यांची तक्रार असते. पक्ष्यावरची नजर अजिबात न हलवता, मान न हलवता, दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची, बस. आधी दुर्बीण लावून मग झाडभर शोधत बसलात तर तो उडून जाईल. सोबतच्याला दाखवताना झाडाला घड्याळ समजा, शेंडा बारा वाजता, मग तीन वाजताच्या फांदीवर खोडापासून दोन हात, असं सांगितलं की पटकन कळतं. बोट दाखवून ते बघ तिकडे असं म्हणण्यात अर्थ नाही, शिवाय हात उंचावला की पक्षी बुजतात.

कोकणात आणि घाटात पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. भिंग शर्टाला पुसू नका, आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने धूळ काढा मग भिंगाचं कापड.

कान

जंगलात किंवा बागेत निम्म्याहून जास्त पक्षी आधी ऐकू येतात, मग दिसतात, काही तर दिसतच नाहीत. तांबटाचं टुक टुक टुक एका लयीत दुपारभर, शिंप्याचं इतक्याशा जिवाला न शोभणारं मोठ्याने टुविट टुविट, भारद्वाजाचं खोल घुमणारं हूप हूप, टिटवीचं तर सगळ्यांना माहीत. एक आवाज आला की त्याच्या मागे जा, तो पक्षी प्रत्यक्ष ओरडताना बघा, त्याशिवाय आवाज डोक्यात बसत नाही. पावसाळ्यात घाटात पहाटे माणसाने शीळ घातल्यासारखं येतं तो शीळकरी कस्तूर, ओढ्याकाठी, आणि तो ऐकला की थांबून संपेपर्यंत ऐकाच.

मोबाईलवर मर्लिन नावाचं ॲप फुकट आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं, ते आवाज ऐकून नाव सुचवतं. भारताचा पॅक आधी डाउनलोड करून ठेवला तर रेंज नसताना पण चालतं. पण ते सुचवतं हे लक्षात ठेवा. ॲपने नाव दाखवलं, आपण पक्षी बघितला नाही, आवाज आधी ओळखीचा नाही, तर ती नोंद करायची नाही. ॲपने सांगितलं म्हणून त्या दिशेला जाऊन पक्षी शोधून बघायचा, असा त्याचा वापर केला तर शिकणं खरंच भराभर होतं.

नोंद, आणि रानपिंगळ्याची गोष्ट

प्रत्येक वेळी लिहायचं ते असं: तारीख, जागा, कधीपासून कधीपर्यंत, किती चाललो, हवा कशी, आणि कुठले पक्षी किती. किती हे महत्त्वाचं, अंदाजे का होईना आकडा टाका. ई-बर्ड या वेबसाईट आणि ॲपवर हीच यादी टाकता येते, तिथे शेवटी विचारतात की ओळखू आलेले सगळे पक्षी टाकलेत का, त्याला हो म्हणता येईल अशीच यादी करत जा, म्हणजे कावळा, पारवा, साळुंकी सुद्धा सोडायचे नाहीत. कारण दुर्मिळ तेवढेच टाकले तर साधे पक्षी कमी होतायत की वाढतायत हे कधीच कळणार नाही. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला त्यात ९४२ जातींचा आढावा होता आणि तो तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा होता. त्यातले बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे नोकरी-धंदा सांभाळून सकाळी तळ्यावर जाणारे लोक आहेत.

नोंद खरी असणं किती महत्त्वाचं आहे यासाठी रानपिंगळ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत पाहिजे, आणि ती आपल्या खानदेशातली आहे. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणालाच मिळालं नव्हतं, शेवटचे नमुने खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने गोळा केलेले होते. मग रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता, त्यावर १९१४ आणि गुजरातमधलं मांडवी असं लिहिलेलं. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने तपासलं तेव्हा कळलं की तो डेव्हिडसनचाच चोरलेला नमुना होता, लेबल बदललेलं. म्हणजे एका खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांना चुकीच्या जागी पाठवलं. ती नोंद बाजूला काढून खऱ्या जुन्या नोंदींच्या जागा धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शोधत आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला, दिवसाढवळ्या, झाडावर बसलेला, ११३ वर्षांनी. नंतर तो मेळघाटात सापडला, मग तानसाच्या जंगलात सुद्धा. तुमच्या वहीतली शंका शंका म्हणूनच लिहा, नक्की नसेल तर नक्की नाही असं लिहा, तारीख आणि जागा कधीच अंदाजाने भरू नका.

कुणाकडून शिकायचं

या छंदात नावाजलेल्या माणसांकडून मी काय घ्यावं असं सांगतो. सलीम अलींकडून चिकाटी तर आहेच, पण त्यांची सुरुवात एका प्रश्नाने झाली हे जास्त महत्त्वाचं. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ही कुठली चिमणी हे घरात कुणाला सांगता येईना, म्हणून ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तिथल्या मिलर्ड साहेबांनी ती रानचिमणी म्हणून ओळखून दिली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे ड्रॉवर एकेक उघडून दाखवले. १८८३ साली सुरू झालेली ही संस्था आजही मुंबईत फोर्टमध्ये आहे, तिच्या निसर्गसहली आणि पक्ष्यांवरचे कोर्स असतात, ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावेत.

मारुती चितमपल्लींकडून शिकायचं ते स्थानिक माणसाला विचारणं. वनखात्यात नोकरी करताना नवेगाव, नागझिरा, मेळघाट इथे त्यांनी आदिवासी आणि मासेमारी करणाऱ्या लोकांबरोबर राहून पक्ष्यांची नावं, सवयी, समजुती गोळा केल्या, मराठीत आज आपण जी नावं सहज वापरतो त्यातली कितीतरी त्यांच्यामुळे छापली गेली. तुम्ही पण तळ्यावरच्या मासेमाऱ्याला, गुराख्याला विचारा, हा पक्षी कधी येतो, घरटं कुठे करतो. पुस्तकात नसलेली माहिती तिथे मिळते. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून महाराष्ट्रात २०२० पासून हा पक्षी सप्ताह साजरा होतो, नवीन माणसाला ग्रुप शोधायला हा आठवडा सगळ्यात सोपा, कारण गावोगावी सकाळचे फेरफटके ठेवलेले असतात. नागझिऱ्यात वर्षाहून जास्त मुक्काम करून लिहिणारे किरण पुरंदरे, चिपळूणला समुद्री गरुड, पाकोळ्या, गिधाडं यांच्यासाठी उभे राहिलेले भाऊ काटदरे, पुण्यात डॉक्टरकी सांभाळून पक्ष्यांवर काम करणारे सतीश पांडे, ही सगळी आपल्यातलीच माणसं आहेत, आणि महाराष्ट्र पक्षीमित्र संघटनेच्या संमेलनात अशा लोकांशी थेट बोलता येतं.

जगात याद्या वाढवणारे पण आहेत. अमेरिकेच्या फीबी स्नेटसिंगर यांना १९८१ मध्ये कॅन्सर झाल्याचं आणि फार दिवस उरले नसल्याचं सांगितलं गेलं, तर त्या घरी न बसता पक्षी बघायला निघाल्या, आठ हजारांच्या वर जाती बघितल्या आणि १९९९ मध्ये मादागास्करला पक्षी बघायच्या प्रवासातच अपघातात गेल्या. पीटर केस्टनर यांनी २०२४ मध्ये दहा हजारचा आकडा गाठला. भारतात तेराशेच्या वर जाती आहेत आणि महाराष्ट्रात साडेपाचशेच्या वर, त्यामुळे यादी करायची हौस असेल तर जन्मभर पुरेल, फक्त माझी विनंती आहे की आपल्या त्या एका जागेची यादी वेगळी ठेवा आणि तिला आधी मान द्या.

बाहेर जायचं तर

भिगवण म्हणजे उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी, पुण्याहून साधारण शंभर किलोमीटर, कुंभारगावात होड्या मिळतात, रोहित म्हणजे फ्लेमिंगो, चित्रबलाक, चमचे, पट्टकदंब हंस, कुरव. डिसेंबर ते मार्च जा. मासेमारी करणारीच मुलं होडी चालवतात आणि पक्ष्यांची नावं सांगतात, त्यांना योग्य पैसे द्या, थव्याच्या अंगावर होडी घालायला सांगू नका. नाशिकजवळ नांदूरमधमेश्वर, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली पाणथळ जागा. मुंबईकरांना ठाणे खाडी, ऐरोलीहून वनखात्याची बोट सुटते. पनवेलजवळ कर्नाळा जंगलातल्या पक्ष्यांसाठी, पैठणला जायकवाडी, सुप्याजवळ मयुरेश्वर माळरानाच्या पक्ष्यांसाठी, सारस बघायचा तर गोंदियाची भातखाचरं. गोव्यात असाल तर रायबंदरहून फेरीने चोडण बेटावर सलीम अलींच्या नावाचं अभयारण्य आहे, खारफुटीत खंड्यांचे प्रकार बघायला.

हे करू नका

चालू घरट्याजवळ थांबू नका, फोटोसाठी आडवी आलेली फांदी तर कधीच तोडू नका, ऊन लागून किंवा कावळ्यांना वाट मोकळी होऊन पिल्लं मरतात. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा प्रकार हल्ली फार वाढलाय, विणीच्या काळात तो पक्षी समोर प्रतिस्पर्धी आहे समजून पिल्लांना भरवायचं सोडून भांडायला येतो, हे थांबलंच पाहिजे. घुबडाची दिवसाची जागा, गरुडाचं घरटं सोशल मीडियावर टाकू नका. रात्री फ्लॅश नको. पोपट, मुनिया पिंजऱ्यात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, शेजारी असेल तर समजावून सांगा. संक्रांतीत मांजाने जखमी पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा, तोंडात बळेच पाणी ओतू नका आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन करा.

वर्षाचं वेळापत्रक

ऑगस्ट-सप्टेंबरपासून भोरड्या यायला लागतात, ऑक्टोबरात धोबी, वटवट्ये, मग बदकं. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या बाजूला आफ्रिकेला निघालेले अमूर ससाणे थांबून जातात. मार्चनंतर पाहुणे परतायला लागतात आणि आपल्या पक्ष्यांची विणीची गडबड सुरू होते. मे अखेर ते जून चातक येतो आणि कोकणात, घाटात नवरंग ऐकू येतो. पावसाळ्यात सुगरण. फेब्रुवारीत शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना असते, त्यात किमान पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसलेले सगळे पक्षी मोजून ई-बर्डवर टाकायचे. गच्चीवरून केली तरी चालते, दिवसात कितीही वेळा केली तरी चालते, परदेशात असाल तर तिथल्या अंगणातून करा. ज्यांना कुठून सुरू करू असा प्रश्न आहे त्यांनी त्या शुक्रवारी सकाळी सात वाजता वही-पेन घेऊन आपल्या निवडलेल्या जागी उभं राहायचं.